जायरोकॉप्टरला गाडीचे इंजिन: फ्लायव्हील आणि रिडक्शन गिअरबॉक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मेकॅनिकल शिकलो. गेली काही वर्षे ऑस्ट्रेलियात घरी बांधलेल्या जायरोकॉप्टरवर शनिवार-रविवारी हात काळे करतो आहे. भारतातून आणि आखातातून अनेक मराठी मित्र याच विषयावर पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. त्यातले बहुतेक इंजिनाबद्दल नसतात, इंजिन आणि प्रोपेलर यांच्या मधल्या दीड वितीबद्दल असतात. ते बरोबरच आहे, कारण गाडीच्या इंजिनावर उडणाऱ्या यंत्रात घात होतो तो बहुधा याच दीड वितीत.

जायरोकॉप्टरमध्ये इंजिन नेमके काय फिरवते?

फक्त मागचा प्रोपेलर. डोक्यावरचा रोटर उड्डाणात इंजिनाला जोडलेला नसतो. पुढे जाताना खालून वर येणाऱ्या हवेने तो आपसूक फिरतो आणि यंत्राला उचलून धरतो. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने जानेवारी १९२३ मध्ये हे यशस्वीपणे उडवून दाखवले. जमिनीवर असताना रोटरला आधी थोडी गती द्यावी लागते, त्यासाठी प्री-रोटेटर इंजिनावरून तात्पुरती शक्ती घेतो. धावपट्टीवर धाव सुरू झाली की तो सोडून दिला जातो.

गाडीचे इंजिन थेट प्रोपेलरला का जोडत नाहीत?

कारण दोघांची चाल जुळत नाही. गाडीचे इंजिन आपली खरी ताकद मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास देते, प्रोपेलरला मात्र मोठा व्यास आणि संथ चाल मानवते. म्हणून मध्ये फेऱ्या कमी करणारा रिडक्शन गिअरबॉक्स लागतो.

आकडे घेऊन पाहू. ६८ इंची प्रोपेलर ५,२०० फेऱ्यांनी फिरवला तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ४७० मीटर वेगाने जाईल. साध्या हवामानात आवाजाचा वेग सुमारे ३४० मीटर असतो. म्हणजे टोक आवाजाच्या पलीकडे गेले, आता ते हवा ढकलण्यापेक्षा कर्कश आवाज करण्यातच ताकद घालवणार. तोच प्रोपेलर २,४०० फेऱ्यांवर ठेवला तर टोकाचा वेग २१७ मीटरवर येतो आणि तो निमूट काम करतो.

लहान व्यासाचा प्रोपेलर लावून थेट जोडणी करता येते. अमेरिकेत इगोर बेन्सन यांच्या बी-८एम या यंत्राने ती वाट रूढ केली. त्यावर मॅक्युलॉक कंपनीचे ७२ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन असे. ते मुळात लष्करी सरावाच्या वैमानिकरहित विमानांसाठी बनवलेले होते, चार हजारांवर फेऱ्यांनी थेट छोटा प्रोपेलर फिरवायचे. यंत्र उडायचे, पण व्यास कमी म्हणजे जोर कमी. उभ्या यंत्राचा सैद्धांतिक जोर ८० अश्वशक्तीवर ४८ इंची प्रोपेलरला सुमारे २२२ किलो येतो, ६८ इंचीला २८०. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण त्यांच्यातली तफावत जवळपास तशीच राहते. त्याच पेट्रोलवर, त्याच इंजिनावर पाव हिश्श्याहून जास्त जोर फुकट मिळतो, तो या मधल्या गिअरबॉक्समुळे.

प्रत्यक्षात कोणती इंजिने वापरली गेली?

सर्वांत लोकप्रिय ठरले ते सुबारूचे ईए-८१. १,७८१ सीसी, चार सिलिंडर समोरासमोर आडवे, कॅमशाफ्टला टायमिंग बेल्ट नाही, अंगाने बसके. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या बांधणाऱ्यांनी जुन्या गाड्यांतून ही इंजिने काढून जायरोला लावली. पुढे त्याच कंपनीचे २.२ लिटरचे ईजे-२२ आले. कॅनडातल्या आरएएफ २००० या दोन आसनी संचाने ते घरोघरी पोचवले. फोक्सवॅगनचे हवेवर थंड होणारे इंजिन आणि सुझुकीची एक ते १.३ लिटरची इंजिनेही चालली.

तुलनेसाठी रोटॅक्स ९१२ डोळ्यांसमोर ठेवा. ते विमानासाठीच बनलेले आहे आणि गिअरबॉक्स त्याच्या अंगातच आहे. ८० अश्वशक्तीच्या मॉडेलला २.२७ आणि १०० अश्वशक्तीच्या मॉडेलला २.४३ असे गुणोत्तर, म्हणजे प्रोपेलरच्या एका फेरीला इंजिनाच्या तेवढ्या फेऱ्या. त्या गिअरबॉक्सच्या आत धक्के शोषणारी यंत्रणाही आहे. आपण घरी जे जुळवतो ते त्या कंपनीने चाचणीच्या टेबलावर वर्षानुवर्षे घासूनपुसून काढले आहे. ही जाणीव ठेवून काम केले तर हात आपोआप जपून चालतो.

गुणोत्तर किती ठेवावे?

आधी प्रोपेलर ठरवा, मग गुणोत्तर. बहुतेक जण उलटे करतात: हाती लागलेला गिअरबॉक्स बसवतात आणि नंतर त्याला साजेसा प्रोपेलर शोधत हिंडतात. ईए-८१ साठी २.२ च्या आसपास नेहमीचे. इंजिन ४,८०० वर असेल तर प्रोपेलर २,१८० वर.

अगदी पूर्णांकी गुणोत्तर टाळा. बरोबर दोनला एक असे ठेवले तर सिलिंडरचा प्रत्येक ठोका मोठ्या गिअरच्या ठरावीक दातांवरच पडत राहतो. तेच दात झिजतात, बाकीचे नवे राहतात. दातांची संख्या अशी निवडा की ठोका साऱ्या दातांवर फिरत जाईल.

फ्लायव्हील काढून टाकले तर सात-आठ किलो वाचतील. का काढू नये?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि याचे उत्तर मी सर्वांत सावकाश देतो.

शेतातले जुने एका सिलिंडरचे डिझेल इंजिन आठवा, हँडल मारून सुरू करायचे. त्याच्या दोन्ही बाजूंना जड चाके असतात. एक ठोका बसला की पुढचा बसेपर्यंत ती चाकेच इंजिनाला ओढून नेतात. गाडीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात ठोके जवळजवळ असतात, फेऱ्याला दोन. पण क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टवर, येणारा टॉर्क (फिरवणारा जोर) गुळगुळीत नसतोच. तो सरासरीच्या दुपटी-तिपटीवर उसळतो आणि मधल्या क्षणी उणेही होतो, म्हणजे क्रँक उलटी ओढली जाते. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाला बसवलेले तसेच जड चाक, या उसळीला आवर घालते.

आता पलीकडच्या टोकाला प्रोपेलर आहे. तोही जड चाकच. दोन जड चाके आणि मध्ये शाफ्ट, गिअर आणि त्यांना जोडणारे कपलिंग. या मधल्या भागाला पीळ बसतो, म्हणजे तो स्प्रिंगसारखा वागतो. दोन वजने आणि एक स्प्रिंग म्हटले की त्यांची स्वतःची एक कंपनसंख्या आलीच. इंजिनाचे ठोके त्या संख्येशी जुळले की काय होते ते झोपाळ्यावर बसलेल्या पोरालाही ठाऊक असते: नेमक्या वेळी दिलेला हलका धक्काही झोका उंच नेतो. इथे झोका म्हणजे शाफ्टचा पीळ, आणि तो उंच गेला की दात मोडतात, क्रँकचे बोल्ट तुटतात, कधी क्रँकच तडकते.

एक ढोबळ गणित करून दाखवतो. इंजिनाच्या बाजूचे जडत्व फ्लायव्हील आणि त्यावरची जोडणी धरून ०.१५ किलोग्रॅम-चौरस-मीटर समजा. प्रोपेलरचे ०.५ समजा. पण गिअरबॉक्सच्या पलीकडचे जडत्व इंजिनाला गुणोत्तराच्या वर्गाने भागून जाणवते. २.२ चा वर्ग ४.८४, म्हणजे ०.५ चे झाले जेमतेम ०.१०. मधला शाफ्ट ताठ असेल, समजा एका रेडियनच्या पिळाला २०,००० न्यूटन-मीटर, तर कंपनसंख्या येते सेकंदाला ९१. चार सिलिंडरचे ठोके ही संख्या गाठतात मिनिटाला साधारण २,७३० फेऱ्यांवर. म्हणजे टॅक्सी करताना (जमिनीवर यंत्र चालवताना) आणि वेग वाढवताना इंजिन तिथून जाणार. हेच मुळात वाईट आहे.

आता फ्लायव्हील काढा. इंजिनाच्या बाजूला उरले ०.०४. कंपनसंख्या चढते १३२ वर आणि धोक्याचा आकडा सरकतो ३,९८० फेऱ्यांवर, जिथे यंत्र तासन्‌तास क्रूझ करते, म्हणजे एका चालीने उडत राहते! पूर्वी वाटेवरून जाता-जाता लागणारा खड्डा आता थेट घराच्या दारात आला.

मी हे कागदावर शिकलो नाही. आमच्या हँगरमधल्या एका मित्राने यंत्र हलके करायचे म्हणून फ्लायव्हील लेथवर निम्म्याहून जास्त उतरवून घेतले. जमिनीवरच्या चाचणीत ३,७०० च्या पुढे मास्ट, म्हणजे रोटर पेलणारा खांब, थरथरू लागला, हातात मोटारसायकलचे हँडल धरल्यासारखा. दहा मिनिटांत बंद करून पाहिले तर कपलिंगमधल्या रबराची काळी भुकटी खाली पडलेली. मूळ वजनाचे फ्लायव्हील परत लावले, नवे मऊ कपलिंग घातले, थरथर गेली. तो मित्र आजही त्याच फ्लायव्हीलवर उडतो.

वजन वाचवायचे असेल तर सीट, टाकी, रेडिएटरची ब्रॅकेट, चाके पाहा. फ्लायव्हीलकडे सर्वांत शेवटी बघा.

पण थेट जोडणीच्या फोक्सवॅगनला फ्लायव्हील नसते, तरी ते चालते ना?

चालते, कारण तिथे प्रोपेलरच फ्लायव्हील असतो. तो क्रँकला घट्ट बोल्ट केलेला असतो, मध्ये गिअर नाही, दातांमधला खेळ नाही, गुणोत्तराने भागाकार नाही. गिअरबॉक्स मध्ये आला की प्रोपेलरचे जडत्व इंजिनाला चौथा-पाचवा हिस्सा एवढेच जाणवते, शिवाय दातांच्या फटीपलीकडून. इंजिन मंद चालीवर असताना टॉर्क उणे-अधिक होतो आणि दात एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने आपटतात. तो खडखडाट ऐकला असेल तर तुम्हाला वेगळे सांगायला नको.

ऑटोमॅटिक गाडीच्या इंजिनाची पातळ प्लेट वापरली तर?

त्या प्लेटला वजन असे नसतेच. गाडीत जडत्वाचे काम टॉर्क कन्व्हर्टर करतो, प्लेट फक्त त्याला धरून ठेवते आणि स्टार्टरला दात पुरवते. इंजिन ऑटोमॅटिक गाडीतून आले असेल तर हातगिअरच्या मॉडेलचे फ्लायव्हील मिळवा. बोल्टची लांबी, क्रँकचा दर्शनी भाग आणि स्टार्टरची खोली तिन्ही तपासून घ्या. ही तिन्ही जुळली नाहीत की स्टार्टर एक तर दात खातो किंवा अडकून बसतो.

ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील लेथवर फार उतरवणे तर आणखी घातक. पाच हजार फेऱ्यांवर ते फुटले तर त्याचे तुकडे पायलटच्या पाठीच्या उंचीवरून सुटतात.

कपलिंग कोणते घ्यावे?

मऊ. गणित पुन्हा तेच, फक्त स्प्रिंग बदला. ताठ शाफ्टऐवजी एका रेडियनला सुमारे ९६५ न्यूटन-मीटर एवढे मऊ रबरी कपलिंग घातले आणि फ्लायव्हील जागेवर ठेवले, तर धोक्याचा आकडा ६०० फेऱ्यांवर उतरतो. इंजिन आयडलवर, म्हणजे थ्रॉटल बंद असतानाच्या मंद चालीवरही, त्याच्या वर असते. धोका फक्त सुरू करताना आणि बंद करताना क्षणभर भेटतो. तेच मऊ कपलिंग, पण फ्लायव्हील नाही, तर आकडा ८७० च्या पुढे येतो, म्हणजे गाडीच्या नेहमीच्या आयडलवरच. यातून दिसते ते एवढेच की फ्लायव्हील, कपलिंग, गुणोत्तर आणि प्रोपेलर हे चार सुटे भाग नाहीत. एक बदलला की बाकीच्या तिघांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

मऊपणाची किंमत असते. १०० अश्वशक्ती ५,२०० फेऱ्यांवर म्हणजे १३७ न्यूटन-मीटर. एवढ्या टॉर्कला वरचे कपलिंग आठ अंश पिळते. रबर गरम होते, तेल-पेट्रोल लागले तर फुगते, आणि वयाने कडक होत जाते. कडक झाले म्हणजे तुमचा धोक्याचा आकडा न विचारता वर सरकला. म्हणून रबराला तासांबरोबर वर्षांचीही मुदत ठेवा.

दुसरे मार्गही आहेत. रोटॅक्सच्या लहान गिअरबॉक्समध्ये दातेरी कपलिंग आणि स्प्रिंगच्या चकत्या असतात, काही मोठ्यांत रबराची चकती असते. एकदिशा क्लच, ज्याला स्प्रॅग म्हणतात, तो उणे टॉर्क पलीकडे जाऊच देत नाही. सेंट्रिफ्यूगल क्लच इंजिन मंद असताना प्रोपेलर सोडूनच देतो. टू-स्ट्रोकवर तो चांगला चालतो. गाडीच्या मोठ्या इंजिनावर माझी पसंती जड फ्लायव्हील आणि मऊ कपलिंग या साध्या जोडीला.

एक चूक टाळा: क्लचची जुनी डिस्क तिच्या छोट्या स्प्रिंगसह कपलिंग म्हणून वापरणे. गाडीच्या वाटचालीसाठी त्या स्प्रिंग ठीक असतात. प्रोपेलरच्या सततच्या हेलकाव्यात त्या आपल्या खोबणीत आपटत राहतात आणि एक दिवस बाहेर येतात.

गिअर, पट्टा की साखळी?

दातेरी पट्ट्याला तेल लागत नाही, आवाज कमी, दोन पुली फिरवून गुणोत्तर बदलता येते, लेथवाल्याकडून पुली करूनही घेता येतात. पण एक गोष्ट लोक विसरतात. १३७ न्यूटन-मीटर टॉर्क ४५ मिमी त्रिज्येच्या पुलीवर म्हणजे पट्ट्याच्या दोन बाजूंतला फरक तीन हजार न्यूटन, शिवाय आधीचा ताण वेगळा. तीनशे किलोहून जास्त ओढ क्रँकच्या टोकाला एका बाजूने! गाडीच्या मेन बेअरिंगची रचना त्यासाठी नाही. पुलीच्या बाहेरच्या टोकाला स्वतंत्र बेअरिंग देऊन ती ओढ घरच्या घरी, म्हणजे गिअरबॉक्सच्या चौकटीतच, जिरवली पाहिजे.

सरळ किंवा तिरक्या दातांचे दोन गिअर हा आटोपशीर आणि टिकाऊ मार्ग. ते कार्बराइज करून कडक केलेल्या पोलादाचे हवेत, तेल बुडवून किंवा फवाऱ्याने मिळाले पाहिजे, आणि तेलाच्या तळाला चुंबक लावलेला प्लग असावा. तो प्लग दर काही तासांनी काढून पाहणे ही जगातली सर्वांत स्वस्त विमा पॉलिसी आहे. करड्या रंगाची पेस्ट चालते, चमकणारे कण चालत नाहीत.

एपिसायक्लिक गिअर (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात तो) एका रेषेत बसतो, दणकट असतो, पण घरी बनवण्यातला नाही. साखळीला तेल आणि ताण दोन्ही सांभाळावे लागतात. मी साखळीचा फारसा चाहता नाही.

गाडीचाच गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरवर ठेवून वापरता येईल का?

नाही. वजन खूप, आउटपुट शाफ्टची बेअरिंग प्रोपेलरच्या ओढीसाठी नाहीत, आणि दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालणे हे त्याच्या नशिबात लिहिलेलेच नाही.

प्रोपेलरचा जोर नक्की कुणी पेलायचा?

गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगनी. क्रँकने मुळीच नाही. गाडीच्या क्रँकचे थ्रस्ट बेअरिंग क्लच दाबताना येणाऱ्या क्षणिक भारापुरते असते, सतत दीड-दोनशे किलोचा जोर त्याच्यासाठी नसतो. जायरोत प्रोपेलर मागे असतो, त्यामुळे तो शाफ्टला पुढे, गिअरबॉक्सच्या पोटात दाबतो. बेअरिंग त्या दिशेने बसले आहे ना ते पाहा.

दुसरा भार दिसत नाही, म्हणून जास्त फसवतो. फिरता प्रोपेलर भोवऱ्यासारखा असतो. यंत्राचे नाक झपकन वळवले की तो काटकोनात उलट ढकलतो. वरच्या आकड्यांत, सेकंदाला एक रेडियन वळणाला, हा पीळ सुमारे ११५ न्यूटन-मीटर येतो. म्हणून आउटपुट शाफ्टची दोन बेअरिंग एकमेकांपासून जितकी दूर, तितके बरे. रोटॅक्स ९१२ साठी कंपनीने प्रोपेलरच्या जडत्वाची मर्यादा ६,००० किलोग्रॅम-चौरस-सेंटीमीटर अशी ठेवली आहे, ती उगीच नव्हे. जड लाकडी किंवा धातूचा प्रोपेलर हौसेने लावण्याआधी त्याचे जडत्व मोजा. दोन दोऱ्यांवर टांगून, पिळून सोडून, झोक्याचा वेळ मोजला की ते अंगणातही काढता येते.

इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत आहेत हे कसे तपासायचे?

डायल गेजने, आणि घाई न करता. गेज फ्लायव्हीलवर चुंबकाने बसवा, टोक इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या अडॅप्टर प्लेटच्या भोकाच्या कडेला लावा आणि क्रँक हाताने पूर्ण फिरवा. ०.१ मिमीच्या आत आले पाहिजे. मग टोक प्लेटच्या सपाट अंगाला लावून पुन्हा फिरवा. फरक जास्त आला तर बोल्ट सैल करून ठोकून बसवू नका. डॉवेल पिना रेषेत आणून नव्याने भोके पाडा. रेषा फक्त बोल्टने सांभाळता येत नाही, ती पिनांनी सांभाळायची असते. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच वापरा, टॉर्क रेंचनेच आवळा.

प्रोपेलर कोणत्या बाजूला फिरेल?

यंत्राच्या मागे उभे राहा. बहुतेक गाड्यांची इंजिने फ्लायव्हीलकडून पाहिली तर घड्याळाच्या उलट फिरतात. पट्टा किंवा साखळी असेल तर प्रोपेलरही तसाच उलट फिरेल. दोन गिअरची जोडी दिशा बदलते, म्हणजे तो घड्याळाप्रमाणे फिरेल. प्रोपेलर मागवताना हे स्पष्ट सांगा. काही जुन्या होंडा इंजिनांची दिशा मुळातच वेगळी आहे, तेव्हा स्टार्टर मारून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

गिअरबॉक्सचा आणि यंत्र उलटण्याचा काय संबंध?

फार जवळचा. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात याची मला खंत वाटते.

गिअरबॉक्स आला की मोठा प्रोपेलर आला. मोठा प्रोपेलर खालच्या कील ट्यूबला (यंत्राच्या तळाच्या लांब नळीला) लागू नये म्हणून वर न्यावा लागतो. सरळ गिअरच्या जोडीत आउटपुट शाफ्ट क्रँकपेक्षा दहा-बारा सेंटीमीटर वर येतो. म्हणजे प्रोपेलरच्या जोराची रेषा वर गेली. ती यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वर गेली की प्रोपेलर नाक सतत खाली ढकलत राहतो. १८० किलोचा जोर आणि १५ सेंटीमीटर अंतर म्हणजे जवळपास २६५ न्यूटन-मीटर. एरवी रोटरची ओढ याला तोलून धरते. पण वाऱ्याच्या झोताने किंवा घाईने नियंत्रणाची काठी पुढे केल्याने रोटरवरचा भार क्षणभर हलका झाला, तर तोलणारे कुणी उरत नाही. यंत्र पुढच्या बाजूने कोलांटी घेते. त्यातून सावरायला वेळ मिळत नाही. याला पॉवर पुशओव्हर म्हणतात आणि त्याने अनेक जीव घेतले आहेत.

ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणासाठी ग्लासगो विद्यापीठात झालेल्या अभ्यासात हेच पुढे आले की स्थैर्यासाठी गुरुत्वमध्य आणि जोराची रेषा यांतले उभे अंतर निर्णायक आहे. ते दोन इंचांच्या आत ठेवा. म्हणजेच गिअरबॉक्स लावताना इंजिन खाली उतरवा, किंवा सीट आणि पायलट वर घ्या, किंवा कील मागे खाली वाकवा. शेपटीला भरपूर मोठे आडवे स्टॅबिलायझर द्या. दोरीला टांगून गुरुत्वमध्य मोजा, पायलट बसलेला आणि टाकी अर्धी भरलेली असताना. अंदाजाने ठरवू नका. ज्याच्या गिअरबॉक्सचे दात उत्तम आहेत पण जोराची रेषा वीतभर वर आहे, त्याच्या यंत्राला मी उडण्याजोगे म्हणणार नाही.

आयडल किती ठेवावे?

गाडीपेक्षा जास्त. रोटॅक्स ९१२ ला किमान १,४०० सांगितले आहे. गाडीच्या इंजिनावर मी १,६०० च्या खाली जात नाही. बंद करताना हळूहळू मरू देऊ नका, इग्निशन एका झटक्यात तोडा. सुरू करताना इग्निशन फार पुढे असेल तर इंजिन उलट लाथ मारते, आणि ती लाथ स्टार्टरबरोबर गिअरच्या दातांनाही बसते.

हवेत एक सिलिंडर मारायचा थांबला तर?

ताकद जाते हे दिसतेच. न दिसणारी गोष्ट अशी की ठोक्यांची लय बिघडते. फेऱ्याला दोन समान ठोक्यांऐवजी दोन फेऱ्यांतून एकदा पडणारा मोठा खळगा तयार होतो, आणि त्याची कंपनसंख्या चौपटीने कमी असते. जो धोक्याचा आकडा तुम्ही कष्टाने आयडलखाली नेला होता, तो या नव्या लयीला आयडलच्या बराच वर, चौपट फेऱ्यांवर सापडू शकतो. म्हणून मिसफायरवर पूर्ण थ्रॉटल ठेवून घरापर्यंत ओढायचा मोह धरू नका. थ्रॉटल कमी करा, थरथर सर्वांत कमी असेल तो आकडा शोधा आणि जवळच्या मोकळ्या जागेत उतरा.

गिअरबॉक्स पूर्ण तुटला तर यंत्र दगडासारखे पडते का?

नाही, आणि म्हणूनच माझा या यंत्रावर जीव आहे. रोटरला इंजिन लागतच नाही. जोर गेला तरी तो फिरत राहतो आणि यंत्र तीव्र उतारावरून पण पूर्ण ताब्यात खाली येते. उतरायला जागा थोडी पुरते. अट एकच: तुटलेला प्रोपेलर किंवा गिअरबॉक्सचा तुकडा रोटरला आणि शेपटीला लागता कामा नये. म्हणून प्रोपेलरच्या पुढे कुठलीही सैल वस्तू नको, आणि पायलटच्या खिशात उघडे काही नको.

जमिनीवरची चाचणी कशी करावी?

यंत्र मजबूत खुंटाला बांधा, प्रोपेलरच्या फिरत्या चकतीच्या रेषेत कुणालाही उभे राहू देऊ नका. आयडलपासून शंभर-शंभर फेरे वाढवत न्या आणि प्रत्येक टप्प्यावर मास्टला हात लावून थरथर नोंदवा. कुठे वाढते, कुठे ओसरते हे वहीत लिहा. जिथे वाढते तिथे थांबू नका, आणि तो पट्टा टॅकोमीटरवर लाल रंगाने दाखवा. पहिल्या तासानंतर प्रोपेलरचे, फ्लायव्हीलचे आणि गिअरबॉक्सचे सारे बोल्ट तपासा, मग पाच, दहा आणि पंचवीस तासांनी. अमेरिकेत प्रमाणित इंजिन आणि प्रोपेलरची जोडी नसेल तर घरी बांधलेल्या यंत्राला साधारण ४० तास ठरावीक भागातच चाचणीचे उड्डाण करावे लागते. प्रमाणित जोडीला २५. मधला फरक त्यांनी अनुभवाने ठेवला आहे. देश कोणताही असो, चाळीस तास स्वतःला घालून घ्या आणि त्यात दुसऱ्या कुणाला बसवू नका.

मारुतीचे इंजिन चालेल का? भारतात परवानगी मिळते का?

जिप्सी आणि एस्टीममध्ये आलेले सुझुकीचे १.३ लिटरचे इंजिन हलके आहे, आणि त्याच घराण्यातली इंजिने अमेरिकेत पट्ट्याच्या रिडक्शनवर उडली आहेत. मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे इंजिन मात्र ७९६ सीसीचे, पूर्ण वजनाच्या माणसासाठी अपुरे. शिवाय तीन सिलिंडरला ठोके फेऱ्याला दीडच असतात, म्हणून वरच्या गणितातला २,७३० चा आकडा त्यांना ३,६४० वर भेटतो. इंजिन बदलले की हिशेब पहिल्यापासून.

परवानगी हा वेगळा डोंगर आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय भारतात असे यंत्र उडवता येत नाही, शेतातही नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर विमान बांधले, २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, आणि उड्डाणाचा परवाना हातात पडायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. बांधणीच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक भागाचे फोटो, मापे, पोलादाचे दाखले आणि टॉर्कच्या नोंदी एका वहीत ठेवा. फ्लायव्हीलपासून प्रोपेलरपर्यंतचा हिशेब त्याच वहीत, तारखेनिशी. तपासणीला येणारा माणूस आधी तीच वही मागेल.